नाताळच्या भेटी: तीन हजारात अकरा माणसं कशी बसवायची?

प्रश्न: ताई नमस्कार, माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मडगावजवळच्या ख्रिश्चन घरात झालंय आणि यंदा पहिल्यांदाच त्यांनी आम्हा सगळ्यांना २५ तारखेच्या जेवणाला बोलावलंय. त्यांच्या घरात अकरा माणसं, त्यातली तीन मुलं तेरा ते सतराच्या मधली, बाकी बहिणीचे सासूसासरे, दीर, जाऊ, आत्या वगैरे. रिकाम्या हाताने जायचं नाही पण माझं बजेट तीन हजार, त्याच्या वर खरंच जमणार नाही. मोठ्यांचं एक वेळ सुचेल, पण दिवसभर मोबाईलमधे असणाऱ्या ह्या मुलांना काय द्यावं? आणि केक नेला तर चालेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: आधी एक करा, तीन हजाराला अकराने भागू नका. भागलंत की माणशी पावणेतीनशे येतात आणि मग आपण दुकानात उभं राहून फोटोफ्रेम, साबणाचा बॉक्स, मेणबत्ती असलं काहीतरी अकरा वेळा उचलतो, जे जानेवारीत कपाटाच्या वर जाऊन बसतं. सगळ्यांना सारखं दिलंच पाहिजे असा नियम कुठेच नाही. मी तुमच्या जागी असते तर साधारण बाराशे मुलांना, हजार मोठ्यांच्या खाण्याच्या वस्तूंना आणि उरलेले आठशे हाउजीला काढले असते.

हो, हाउजी, म्हणजे आपला तंबोला! मडगावच्या बाजूला, सासष्टी तालुक्यात, लग्न असो, फेस्त म्हणजे चर्चचा उत्सव असो, क्लबातला कार्यक्रम असो, हाउजी असतेच, म्हणजे बहिणीच्या सासऱ्यांना समजावून सांगायची गरज नाही आणि सतरा वर्षाचा पोरगाही हातात पेन घेऊन बसतो. स्टेशनरीच्या दुकानात तिकिटांचं पॅड आणि १ ते ९० आकड्यांचा सेट मिळतो. तिकिटावर पंधरा आकडे, पाच पाचच्या तीन ओळी, त्यामुळे जल्दी पाच, तीन लाइनी, चार कोपरे आणि फुल हाउस अशी सहा बक्षिसं सहज निघतात. बक्षीस कुणालाही लागू शकतं म्हणून कुठल्याही वयाला चालेल असंच घ्या, चांगला टॉर्च, स्टीलची बाटली, काजूचं पाकीट, जाड मोजे, पत्त्यांचा कॅट, आणि फुल हाउसला जरा मोठं काहीतरी. सगळं जुन्या वर्तमानपत्रात बांधून न्या म्हणजे आत काय ते कुणाला कळणार नाही, आणि खेळ संपल्यावर ज्यांना पाहिजे त्यांनी आपापसात बदलून घ्यायचं. आजीला इयरफोन लागले आणि नातवाला मोजे, की पुढचा अर्धा तास घरात नुसता गोंधळ, मजा त्यातच आहे. आकडे पुकारायचं काम मात्र त्या तीन मुलांपैकी मोठ्याला द्या. ह्या वयातल्या मुलांना पाहुण्यांमधे काय करायचं हेच कळत नाही म्हणून ती फोन काढतात असं मला नेहमी वाटतं, काम दिलं की ती वेगळीच होतात.

आता मुलांच्या भेटी. ह्यात गुपित ठेवण्याचा हट्ट नको, बहिणीला सरळ फोन करून विचारा की कोण काय करतो. गिटार शिकणारा असेल तर तारांचा सेट द्या, फक्त स्टीलच्या लागतात की नायलॉनच्या ते आधी विचारून घ्या कारण एकाच्या तारा दुसऱ्या गिटारला चालत नाहीत. फुटबॉल खेळणारा तर सासष्टीत बहुतेक असणारच, त्याला पाच नंबरचा बॉल, नाहीतर शिन गार्ड. चित्र काढणारी असेल तर जाड कागदाची स्केचबुक आणि दोन चांगले ब्रश पेन, वीस रंगांच्या स्वस्त बॉक्सपेक्षा हे खूप बरं. आणि काहीच कळलं नाही तर दोन मीटरची चार्जिंग केबल, घरातली केबल कुणी पळवली ह्यावरून रोज भांडण होतं तिथे ही लांब केबल सोन्यासारखी. पाकिटातून पैसे देणंही वाईट नाही हो, पंधरा सोळाव्या वर्षी आपलं आपण निवडून घेण्यात वेगळाच आनंद असतो, फक्त सोबत हाताने लिहिलेल्या दोन ओळी ठेवा.

अजून एक सुचवते, ह्याला खर्च जवळपास नाही. नाताळच्या आठ दिवस आधी तुमच्या मुलांना घेऊन बहिणीकडे एक संध्याकाळ जा आणि सोबत बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, दोरा, खळ आणि एक एलईडी बल्ब न्या. तुमच्या मुलांनी दिवाळीला आकाशकंदील केलेला असतो, कामट्या कशा बांधायच्या ते त्यांना येतं, त्यांनी आणि तिकडच्या मुलांनी मिळून नाताळचं नखेत्र, म्हणजे चांदणीचा कंदील, करायचं. २५ तारखेला तुम्ही दारात पोचाल तेव्हा मुलांची ओळख आधीच झालेली असेल, ह्यापेक्षा मोठी भेट मला तरी सुचत नाही.

मोठ्यांना खाण्याच्या वस्तू द्या, पण केक नको आणि दोदोल, बेबिंक ही गोव्याची नाताळची गोडंही नकोत. ते घर डिसेंबरभर तेच करत असतं, नेवऱ्या, कुलकुलं, दोस सगळं, आणि शेजारीपाजारी ताटं भरभरून वाटतं. तुमच्या स्वयंपाकघरातलं न्या. उन्हाळ्यात वाळवलेली सोलं (आमसुलं) घरात असतील, तेफळं (तिरफळं) असतील, घरचा मसाला असेल, नसेल तर गुरुवारी बाणस्तारीच्या बाजारात जा, पहाटे लवकर गेलात तर बरं. काचेच्या बरण्या भरा, वर चिठ्ठीवर वापर कसा ते लिहा, म्हणजे बांगड्यांच्या हुमणात (कालवणात) तेफळं किती आणि कधी घालायची वगैरे. ह्या बरण्या माणशी न देता एका बांबूच्या टोपलीत घालून बहिणीच्या सासूबाईंच्या हातात द्या, घराला मिळून एक भेट. गोव्याच्या कुणबी कापडाचा स्टोल द्यायचा मोह होईल, मलाही तो चेक्सचा लाल रंग फार आवडतो, पण हातमागाचा खरा स्टोल ह्या बजेटात बसवणं कठीण आणि यंत्रमागाचा घेऊन हातमागाचा म्हणून देणं मनाला पटत नाही, तो पुढच्या वेळी एकट्या सासूबाईंसाठी ठेवा.

प्रश्न: ताई, मी अकरावीला आहे. माझी आई ख्रिश्चन, बाबा हिंदू, त्यामुळे आमच्याकडे चवथ (गणेशचतुर्थी) पण आणि नाताळ पण. साठवलेले पाचशे रुपये आहेत, त्यात हळदोण्याची आजी, आई, बाबा आणि मामा ह्यांना काहीतरी द्यायचंय, पण फालतू वाटायला नको.
— एक मुलगी, म्हापसा

उत्तर: अगं पाचशे पुष्कळ झाले, कारण तुझ्याकडे वेळ आहे. एक चांगली वही घे आणि एका रविवारी आजीकडे जाऊन बस. नेवऱ्यांचं सारण, दोदोल किती वेळ ढवळायचं, माडाचा गूळ किती, नारळाचं दूध किती, सगळं विचारून लिही. आजी माप सांगणार नाही, "अंदाजाने" म्हणेल, तर तिने मुठीने घातलं की तू वाटीने मोजून घे. ही वही आईला दे. आईकडे तिच्या आईच्या हातची चव लिहिलेली नसेल तर तिला रडूच येईल बघ.

आजीला फोनमधले फोटो प्रिंट करून दे, स्टुडिओत साध्या साइजमधे काढले तर दहाबारा फोटो तुझ्या पैशात सहज येतील, मागे नावं आणि साल लिही, मोठ्या अक्षरात. तिला फोनवरचे फोटो बघता येत नाहीत हे आपण विसरतो. मामासाठी शुक्रवारी बाजारात जा, चोरीस, म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज, खाणारा असेल तर ओळखीच्या बाईकडून छोटी माळ घे, मोठी माळ तुझ्या बजेटबाहेर जाईल. बाबांना काय पाहिजे हे तुलाच जास्त माहीत, स्कूटरवर जात असतील तर हातमोजे बघ. उरलेल्या पैशांचं काही घेऊ नकोस, ते तुझेच राहू देत.

प्रश्न: कुवेतहून आलेले मामा २ जानेवारीला परत जाणार. त्यांना गोव्याची आठवण म्हणून फेणी दिली तर?
— एक वाचक, डिचोली

उत्तर: फेणी अजिबात नको! काजू फेणीला २००९ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आपल्याला तिचा अभिमान आहे ते ठीक, पण कुवेतमधे दारूला बंदी आहे आणि बॅगेत बाटली सापडली तर त्यांच्या नोकरीवर येईल. इथेच घरी बसून एक पेला घेऊ देत. सोबत न्यायला भाजलेले काजू आणि बेबिंक द्या, बेबिंक टिकतं आणि तिथल्या मित्रांना वाटताही येतं. लोणचं देणार असाल तर बरणी नीट बांधून चेक-इनच्या बॅगेत, हँडबॅगेत घेऊ देत नाहीत. आणि गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा ह्यांची चित्रं असलेले मग किंवा मॅग्नेट गोव्यातल्या घरांत आता बरेच झालेत, पण परदेशातल्या खोलीत फ्रिजवर एक लावला तर तो माणूस रोज बघेल, म्हणून मामांसाठी तो जरूर घ्या, वजनही होत नाही. वेळेवर नाहीच जमलं तर ६ जानेवारीच्या तीन राजांच्या फेस्तापर्यंत नाताळ चालूच असतो, कुणी जाणारं असेल त्यांच्याबरोबर पाठवून द्या.