पहिली रिंग घेताना

हुला हूप, म्हणजे कमरेभोवती फिरवायची रिंग, शिकणार असशील तर बाजारातली हलकी, रंगीत रिंग घेऊ नकोस. ती लहान मुलांसाठी असते, कमरेवर टिकत नाही. उभी ठेवल्यावर बेंबीपर्यंत येईल अशी, थोडी जड रिंग घे. मोठी रिंग सावकाश फिरते, अंगाला अंदाज यायला वेळ मिळतो. एक पाय पुढे ठेव आणि पोट पुढे-मागे ढकल. कंबर गोल फिरवायला गेलीस की रिंग घसरलीच म्हणून समज.

हा खेळ फार जुना आहे गं. प्राचीन ग्रीसमधली मुलं कडी काठीने पळवायची. आपल्याकडे गावात सायकलचा टायर पळवतात, तोच आनंद! कमरेवरच्या रिंगची लाट मात्र 1958 ची. ऑस्ट्रेलियातल्या मुलांच्या बांबूच्या कड्यांची गोष्ट ऐकून कॅलिफोर्नियाच्या व्हॅम-ओ कंपनीच्या रिचर्ड नेर आणि आर्थर मेलिन यांनी ती प्लास्टिकची केली. ‘हुला’ हे नाव हवाईच्या नाचावरून आलं.

आता पाण्याचं. सुरू करण्याच्या अर्धा तास आधी एक पेला पी, मग मध्ये मध्ये दोन-दोन घोट. एकदम तांब्याभर प्यायलीस तर पोटात डुचमळतं. मला पहिल्या उन्हाळ्यात मळमळून खाली बसावं लागलं होतं. तासभर घाम गाळलास तर मीठ घातलेलं पातळ ताक किंवा कोकम सरबत घे, साखर बेताची. लघवी गडद पिवळी दिसली तर त्या दिवशी आधी पाणी, रिंग नंतर.