वय 34, लग्नाला 8 वर्षं: आता एचपीव्हीची लस घेऊन उपयोग आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे: वय 34, पुण्यात नोकरी, लग्नाला 8 वर्षं, 6 वर्षांची मुलगी. डॉक्टरांनी एचपीव्हीची, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसवरची लस सुचवली आहे, पण तिन्ही डोसांचा खर्च ऐकून तुम्ही थबकलात. हा विषाणू ऑफिसच्या टॉयलेटमधून किंवा स्विमिंग टँकमधून लागतो का, आणि नवऱ्यालाही लस द्यावी लागेल का, हेही तुम्ही विचारलं आहे.

आधी थेट उत्तर देते. तुमच्या वयात लसीचा उपयोग होतो, पण तो सोळा वर्षांच्या मुलीला होतो तेवढा नाही. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर टाळायचा असेल, तर 34 व्या वर्षी पहिलं काम एचपीव्ही डीएनए चाचणीचं (गर्भपिशवीच्या तोंडाशी हा विषाणू आहे का ते बघणारी चाचणी) आणि दुसरं लसीचं. या महिन्यात दोन्हींपैकी एकाच गोष्टीसाठी पैसे काढता येणार असतील, तर ते चाचणीसाठी काढा.

आता विषाणू पसरतो कसा ते बघू. इथलं गणित कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. एचपीव्ही रक्तातून, खोकल्यातून, अन्नातून, पाण्यातून पसरत नाही. तो त्वचेचा विषाणू आहे आणि गुप्तांगांच्या त्वचेचा त्वचेशी संपर्क आला की जातो. त्यासाठी पूर्ण शरीरसंबंध यायलाच हवा असं नाही. नुसतं घासलं जाणंही पुरतं, तोंडावाटे संबंधातूनही तो जातो. संबंधाच्या वेळी डोळ्याला न दिसणारे बारीक ओरखडे पडतात, त्यातून तो त्वचेच्या सगळ्यात खालच्या थरातल्या पेशींपर्यंत पोहोचतो. कंडोममुळे धोका बराच कमी होतो. नुकतेच संबंध सुरू झालेल्या तरुणींवरच्या एका अमेरिकी अभ्यासात, जोडीदाराने दर वेळी कंडोम वापरला तिथे संसर्ग सुमारे 70 टक्के कमी आढळला. पण जांघ, अंडकोष, योनीच्या बाहेरचा भाग कंडोमने झाकला जात नाही, म्हणून पूर्ण संरक्षण मिळत नाही. टॉयलेट सीट आणि टँकची भीती मात्र मनातून काढून टाका. एचपीव्हीचे अनेक प्रकार आहेत, त्यांना क्रमांक दिलेले आहेत. त्यातले कॅन्सर करणारे प्रकार लोकांमध्ये पसरतात ते शारीरिक संबंधातून.

खालच्या थरात शिरल्यावर तो काय करतो, हे समजून घ्या. आपली त्वचा खालून वर सरकत असते. तळाशी नवी पेशी तयार होते, वर येता येता चपटी होते आणि शेवटी गळून पडते. एचपीव्ही या प्रवासाबरोबर वर सरकतो. तळाच्या पेशीत तो स्वतःच्या अगदी मोजक्या प्रती ठेवतो आणि बाहेरचं प्रथिनांचं कवच बनवतच नाही. पेशी अगदी वरच्या थरात आली की मगच कवच बांधतो आणि गळणाऱ्या पेशीबरोबर बाहेर पडतो. पेशी तशीही मरणारच होती, त्यामुळे सूज येत नाही, ताप येत नाही, दुखत नाही. तो रक्तातही उतरत नाही, म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा पत्ता फार उशिरा लागतो आणि संसर्ग होऊन गेल्यावर तयार होणाऱ्या अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला पकडणारी प्रथिनं, याही थोड्याच असतात. काही जणींमध्ये तर त्या बनतच नाहीत. म्हणूनच एकदा होऊन गेलेला प्रकार पुन्हा होऊ शकतो.

लसीची ताकद आणि मर्यादा, दोन्ही इथेच आहेत. लसीत विषाणू नसतो. त्याच्या कवचातलं एक प्रथिन यीस्टमध्ये तयार करून त्याचे पोकळ गोळे बनवलेले असतात. आत जनुकं नसल्यामुळे लसीतून संसर्ग होऊच शकत नाही. दंडाच्या स्नायूत सुई गेली की शरीर या कवचाविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, आणि त्या नैसर्गिक संसर्गानंतरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतात. पुढे खरा विषाणू आला, तर तळाच्या पेशीत शिरण्याआधीच त्याचं कवच पकडलं जातं. पण जो आधीच तळाच्या पेशीत बसला आहे त्याला तिथे कवचच नाही, मग अँटिबॉडी पकडणार कशाला? त्यामुळे लस असलेला संसर्ग बरा करत नाही, पेशींतले झालेले बदलही मागे नेत नाही.

प्रौढ वयात फायदा कमी का, याचं उत्तर हेच. 24 ते 45 वयाच्या स्त्रियांवर चार प्रकारांच्या लसीची मोठी चाचणी झाली होती. लसीतल्या प्रकारांचा संसर्ग आधी झालेला नव्हता आणि तिन्ही डोस वेळेवर घेतले, अशा स्त्रियांमध्ये टिकून राहणारा संसर्ग आणि त्यातून होणारे आजार जवळपास 89 टक्क्यांनी कमी झाले. आधीचा संसर्ग असलेल्या, डोस चुकलेल्या, अशा सगळ्यांना धरलं तर तोच आकडा सुमारे 47 टक्क्यांवर आला. लस तीच, बदललं ते टोचून घेणाऱ्यांचं आधीचं आयुष्य.

मग तुम्ही कुठे बसता? मला तुमचं नुसतं वय बघून सांगता येणार नाही. खरा प्रश्न हा की तुमच्या आयुष्यात पुढे नवा संपर्क येण्याची शक्यता किती. दोघांचंही एकमेकांशिवाय कुणाशी नातं आलेलं नाही आणि पुढेही तसंच राहणार आहे, तर लसीतून मिळणारा फायदा थोडा. घटस्फोट झाला आहे, दुसरं लग्न ठरतंय, जोडीदाराबद्दल खात्री नाही, यातलं काही असेल तर फायदा चांगलाच वाढतो, आणि अशा कुणी विचारलं तर मी लस घ्या म्हणेन. अमेरिकेत 2018 मध्ये नऊ प्रकारांच्या लसीला 45 वर्षांपर्यंत मान्यता मिळाली, पण 27 ते 45 वयात सरसकट सगळ्यांना द्या असं तिथली लसीकरणाची सल्लागार समितीही म्हणत नाही. डॉक्टर आणि रुग्णाने बोलून ठरवा म्हणते. ‘आधी टेस्ट करा, निगेटिव्ह आली तरच लस’ असा सल्ला कानावर येतो, तो चुकीचा आहे. चाचणीत फक्त आजचा संसर्ग दिसतो, आणि एक प्रकार असला तरी बाकीच्यांपासून लस वाचवतेच. चाचणी आधी करायची ती स्वतःसाठी, लसीचा परवाना म्हणून नव्हे.

चाचणीला एवढं वजन मी का देते, याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने एक मोठा अभ्यास झाला. 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून जास्त स्त्रिया त्यात होत्या. एका गटाची आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी झाली, दुसऱ्याची पॅप (गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती), तिसऱ्याची व्हिनेगरसारखं अॅसिटिक अॅसिड लावून करतात ती, आणि चौथ्याला नेहमीच्याच आरोग्यसेवा. आठ वर्षांनी पाहिलं तर एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. बाकी दोन चाचण्यांच्या गटांत ठळक घट दिसली नाही. निकाल 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात 2022 या एका वर्षात या कॅन्सरच्या सुमारे 1 लाख 27 हजार नव्या रुग्णांचा आणि जवळपास 80 हजार मृत्यूंचा अंदाज आहे. यातल्या कितीतरी जणी एका चाचणीने वाचल्या असत्या, हे मला खरंच बोचतं.

लॅबमध्ये फोन करताना ‘हाय रिस्क एचपीव्ही डीएनए’ असं स्पष्ट सांगा आणि रिपोर्टमध्ये 16 आणि 18 हे कॅन्सर करणारे मुख्य प्रकार वेगळे दाखवतात का ते विचारा. 6 आणि 11 हे गुप्तांगावरच्या चामखिळीचे प्रकार, ते तपासून कॅन्सरबद्दल काहीच कळत नाही. पाळी चालू नसताना जा. आधीचे दोन दिवस संबंध, योनीत ठेवायच्या गोळ्या, क्रीम, आतून धुणं टाळा. नमुना मऊ ब्रशने घेतात, मिनिटभराचं काम. आला निगेटिव्ह, तर पुढची चाचणी पाच वर्षांनी केली तरी चालते. 16 किंवा 18 पॉझिटिव्ह आला तर सरळ कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भपिशवीचं तोंड मोठं करून बघणं. दुसरा कुठला प्रकार आला तर पॅप, आणि पॅप नॉर्मल असेल तर साधारण वर्षाने पुन्हा एचपीव्ही चाचणी. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही. दहापैकी नऊ संसर्ग दोन वर्षांच्या आत शरीर स्वतःच दडपून टाकतं. टिकून राहिलेल्यालाही कॅन्सरपर्यंत जायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात; एचआयव्ही असेल तर बरीच कमी. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तो जास्त टिकतो.

आणि एक कळकळीने सांगते. पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन नवऱ्यावर किंवा स्वतःवर संशय घेऊ नका. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहून मग चाचणीत दिसू शकतो. तो लग्नाआधीचा की कालचा, कुणाकडून कुणाला आला, हे कुठलीही लॅब सांगू शकत नाही.

लस घ्यायचं ठरलं तर निवड अशी. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ चार प्रकारांवर आहे: 6, 11, 16, 18. डोसाला साधारण दोन हजार रुपये. ‘गार्डासिल 9’ मध्ये याशिवाय 31, 33, 45, 52, 58. डोसाला दहा हजारांच्या आसपास. कॅन्सरचा मोठा वाटा 16 आणि 18 चाच आहे, त्यामुळे महागडी परवडत नाही म्हणून काहीच न घेणं हा चुकीचा हिशेब. मात्र सर्व्हाव्हॅकची मान्यता 9 ते 26 वयासाठी आहे. 34 व्या वर्षी कुठलाही ब्रँड सुचवला, तर ‘भारतात या वयाला मान्यता आहे का, नसेल तर कशाच्या आधारावर देताय’ हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

पॅकवरचं वेळापत्रक 15 वर्षांपुढे तीन डोसांचं आहे: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये 21 वर्षांपुढच्यांना सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोसही चालतील असं म्हटलं आहे. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना मात्र शक्यतो तीन. एका डोसवर मात्र थांबू नका. एक डोस पुरतो हे सिद्ध झालंय ते मुलींमध्ये. डोस लांबला तर पहिल्यापासून सुरू करायचं नाही, राहिलेला घ्यायचा. मध्ये दिवस गेले तर उरलेले डोस बाळंतपणानंतर. चुकून गरोदरपणात दिला गेला तरी घाबरून गर्भपाताचा विचार करायचं कारण नाही. अंगावर पाजत असताना चालतं. यीस्टची तीव्र अॅलर्जी असेल तर घेऊ नये.

लस वाटेतही बिघडू शकते. लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते आणि गोठलेली चालतच नाही, कारण तिच्यात अॅल्युमिनियमचा क्षार असतो. तो गोठला की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि लसीचा जोर जातो. मेडिकलमधून घेऊन फ्रीझरमधल्या दगडासारख्या बर्फाच्या पॅकला टेकवून आणलेली लस उन्हात तापलेल्या लसीइतकीच वाया जाऊ शकते. म्हणून जिथे टोचणार तिथलाच साठा वापरणं उत्तम. आणावीच लागली तर थर्माकोलचा डबा, थोडा वितळलेला पॅक आणि मध्ये कागदाची जाड घडी. एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत तर अजिबात नको. हलवल्यावर ती पांढरट, गढूळ दिसते, तसंच दिसायला हवं. हलवूनही तरंगणारे तुकडे राहिले तर टोचून घेऊ नका. सुईनंतर पंधरा मिनिटं बसून राहा, चक्कर येऊ शकते. दंड एक-दोन दिवस दुखतो.

नवऱ्याचं: पुरुषांसाठी नेहमीची एचपीव्ही चाचणी नाही, आणि त्याने लस घेतल्याने तुमचा असलेला संसर्ग जात नाही. त्याच्या वयात हिशेब तुमच्यासारखाच, नवा संपर्क असेल तर फायदा. घशाचा आणि लिंगाचा कॅन्सरही या विषाणूमुळे होतो, तेव्हा लस फक्त बायकांची नाही.

मुलगी 9 वर्षांची झाली की तिची लस पुढे ढकलू नका. 14 वर्षांपर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात, पंधरा वर्षं पूर्ण झाली की तीन. या लसीचे किती डोस पुरतात हे बघणाऱ्या, भारतात 2009 मध्ये सुरू झालेल्या अभ्यासाचं एक केंद्र पुण्यात होतं. 2010 मध्ये सरकारने लसीकरण थांबवल्याने हजारो मुलींना एकच डोस मिळाला. दहा वर्षांनी पाहिलं तर 16 आणि 18 च्या टिकाऊ संसर्गापासून त्यांना सुमारे 95 टक्के संरक्षण होतं, दोन-तीन डोस घेतलेल्या मुलींइतकंच. तुमच्या घरात या लसीवरचा पहिला रुपया सर्वांत जास्त कामी येईल तो तीन वर्षांनी, तिच्या दंडावर.