हळदीच्या दुकानासाठी डॉट इन घेताना

वेबसाइटचं नाव घेण्याआधी एवढं समजून घे: शेवटी डॉट इन असलेली नावं ती विकणाऱ्या रजिस्ट्रारच्या मालकीची नसतात. मूळ नोंदवही निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे. तू पैसे भरतोस तो रजिस्ट्रार हा मधला अडत्या. सांगलीच्या मार्केट यार्डात वाढलेल्याला अडत्या काय समजवायचा!

माझं पहिलं नाव वेबसाइट करणाऱ्या पोरानं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं. दोन वर्षांनी पठ्ठ्या फोन उचलेना. पैसे माझे, सातबाऱ्यावर नाव त्याचं. नवीन नाव घेऊन दुकानाची पाटी, पिशव्या सगळं बदलावं लागलं. म्हणून मालक म्हणून तुझंच नाव, ईमेल आणि मोबाइल टाक. रजिस्ट्रार बदलायचा झाला तर ऑथ कोड, म्हणजे नाव दुसरीकडे हलवायचा गुप्त कोड लागतो, तो तुझ्याच खात्यातून मिळायला हवा. नूतनीकरणाची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लिही. मेलवर विसंबू नकोस.

डॉट गव्ह डॉट इन, डॉट एसी डॉट इन आपल्यासाठी नाहीत. पहिलं सरकारी खात्यांना, दुसरं शिक्षणसंस्थांना. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. हौस म्हणून जरूर घे, पण बिलावर डॉट इनच छाप, कारण देवनागरीतला ईमेल पत्ता बरेच ऑनलाइन फॉर्म अजून घेत नाहीत.

आणि दुसऱ्याच्या ब्रँडसारखं नाव नको. तक्रार झाली तर प्रकरण लवादापुढे जातं.