क्रॉस-कंट्री स्कीइंगला जाताना काय घालायचं, काय न्यायचं?

तुम्ही विचारलंय, साताऱ्याहून पहिल्यांदाच बर्फात क्रॉस-कंट्री स्कीइंगला निघालोय, तर घरातले दोन जाड स्वेटर, जीन्स आणि पावसाळी रेनकोट पुरतील का? तिन्ही घरीच ठेवा.

सगळे थंडीच्या धास्तीने बॅग भरतात, पण या खेळात खरा वैरी घाम. उतारावरच्या स्कीइंगला बहुतेक ठिकाणी लिफ्टने वर जायचं आणि घसरत यायचं. इथे बूट फक्त पुढून स्कीला अडकतो, टाच मोकळी राहते आणि सपाटी असो की चढ, अंतर आपल्याच हातापायांनी कापायचं. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट पळत चढल्यासारखं अंग तापतं. थांबलात की तोच घाम गार पडून हुडहुडी भरते. म्हणून निघताना जरा काकडतच निघा. सुरुवातीलाच छान उबदार वाटत असेल, तर एक कपडा जास्त झालाय.

अंगालगत सुती काही नको, बनियनसुद्धा नाही. सुती कापड घाम धरून बसतं. हिल मॅरेथॉनमुळे आपल्याकडे पळणारे चिक्कार, त्यांच्याकडचा पूर्ण बाह्यांचा ड्रायफिट टी-शर्ट आणि टाइट्स चालतील. मेरिनो लोकरीचं मिळालं तर उत्तमच. धनगराची घोंगडी भिजली तरी ऊब देते, तोच गुण. त्यावर पातळ फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं उबदार जाकीट), आणि वर वारा अडवणारं पण हवा खेळती ठेवणारं हलकं जॅकेट. रेनकोटात आतून भिजाल. जॅकेटची चेन चढावर खाली, उतार लागायच्या आधी गळ्यापर्यंत वर.

पिसांचं फुगीर जॅकेट बॅगेत सगळ्यात वर ठेवा. चालताना घालू नका. चहाला थांबलात की लगेच, घाम गार व्हायच्या आत.

मोज्यांचा एकच लोकरी जोड घाला. दोन जोड चढवले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. हातमोजे मात्र दोन प्रकारचे: काठ्या धरायला पातळ, थांबल्यावर जाड. माकडटोपीपेक्षा पातळ कानटोपी आणि गळ्याला बफ (नळीसारखा ताणणारा कापडी पट्टा) बरा.

ताजा बर्फ ऊन परतवतो, त्यामुळे यूव्ही अडवणारा गॉगल आणि सनस्क्रीन हवंच. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा, ऊन तिथे खालून लागतं.

पाण्याची बाटली बॅगेत उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, म्हणजे झाकणाकडची बाजू मोकळी राहते. नळीवाली पाण्याची पिशवी नको, नळी आधी गोठते. छोट्या थर्मासात गरम काहीतरी असू द्या. खायला शेंगदाण्याचे लाडू किंवा आपले कंदी पेढे, आतल्या खिशात. फोनही तिथेच, कारण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. शिवाय हेडलॅम्प, चिकटपट्टी, फॉइलचं ब्लँकेट आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोरड्या मोज्यांचा एक जोड.

स्की, काठ्या, बूट विकत घेऊ नका, तिथे भाड्याने मिळतात का ते आधी फोनवर विचारा. विचारताना 'क्रॉस-कंट्रीचे' असं स्पष्ट सांगा. औली, गुलमर्गला उतारावरच्या स्कीइंगचंच सामान जास्त असतं, आणि ते कडक बूट घालून सपाटीवर मैलभरही जाववत नाही.