केरुआकच्या वाटेने निघताना

जॅक केरुआक या अमेरिकन लेखकाची 'ऑन द रोड' ही कादंबरी वाचून अमेरिका गाडीने पालथी घालायची ठरवलीस, फार बरं वाटलं!

आधी एक सांगतो, एकाच रस्त्याचा हट्ट धरू नकोस. कादंबरीचा नायक साल पॅराडाइज नकाशावरची रूट 6 या महामार्गाची लाल रेघ धरून निघतो, बेअर माउंटनपाशी पावसात चिंब भिजतो, न्यूयॉर्कला परततो आणि मुकाट्याने शिकागोची बस पकडतो.

मुक्काम मोजकेच ठेव. डेन्व्हर, सॅन फ्रान्सिस्को पुरे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सिटी लाइट्स या 1953 पासूनच्या पुस्तकांच्या दुकानात वरच्या मजल्यावर कवितांची खोली आहे; अख्खी दुपार तिथेच काढ.

नवखे हमखास चुकतात ते रात्रभर गाडी हाकण्यात. अंधार पडला की सरळ मोटेल गाठ.

आणि खिशात छोटी वही हवीच, केरुआकच्याही असायची.

मेक्सिकोचं पुढच्या खेपेला बोलू.