केमिस्ट्री, अ‍ॅफिनिटी, प्रपोज: हे शब्द प्रेमाचे की सायन्सचे?

ठाण्याहून एका ताईंनी विचारलंय की त्यांची मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, आता अकरावी सायन्स इंग्लिशमधून चालू झालंय आणि पुस्तकात बॉण्ड, अट्रॅक्शन, अ‍ॅफिनिटी, प्रपोज, कपल असले शब्द आले की वर्गात नुसती खसखस पिकते. तर हे शब्द मूळचे कुठले, सायन्सने प्रेमाकडून घेतले की प्रेमाने सायन्सकडून, आणि हिरो-हिरॉइनच्या 'केमिस्ट्री'ला मराठीत काय म्हणायचं?

ताई, आधी गंमत सांगतो, बरेचसे शब्द माणसांचेच होते, सायन्सने ते उसने नेले. आणि त्यातला सगळ्यात भारी अ‍ॅफिनिटी. लॅटिनमध्ये अ‍ॅफिनिस म्हणजे हद्दीला हद्द लागून असलेला, शेजारचा, आणि त्यावरून लग्नामुळे नात्यात आलेला. म्हणजे आपण सगेसोयरे म्हणतो ना, त्यातले सगे रक्ताचे आणि सोयरे लग्नाने झालेले, तर अ‍ॅफिनिटी म्हणजे चक्क सोयरीक! इंग्लिश कायद्याच्या भाषेत आजही सासरकडच्या नात्याला अ‍ॅफिनिटीच म्हणतात. पुढे केमिस्ट लोकांनी तो शब्द उचलला, कोणता पदार्थ कोणाशी पटकन जुळतो आणि कोणाला बाजूला सारून त्याची जागा घेतो याचा तक्ता फ्रान्सच्या जोफ्रुआने 1718 मध्ये केला, मग स्वीडनच्या बर्गमनने 1775 मध्ये त्यावर मोठा निबंध लिहिला, आणि मग 1809 मध्ये गटेने (जर्मन कवी तोच) त्याच केमिस्ट्रीच्या शब्दाचं नाव देऊन एक कादंबरी लिहिली. नवरा-बायकोच्या घरी आणखी दोघं राहायला येतात आणि जोड्या बदलायला लागतात, अगदी दहावीच्या दुहेरी विस्थापन अभिक्रियेसारखं, आणि पुस्तकातली माणसं स्वतःच बसून या अभिक्रियेवर गप्पा मारतात. म्हणजे शब्द सोयरीकीतून प्रयोगशाळेत गेला आणि तिथून परत प्रेमात आला. मुलीला इलेक्ट्रॉन अ‍ॅफिनिटी शिकताना 'इलेक्ट्रॉनशी सोयरीक करायची हौस' असं सांगा, आणि ही हौस सगळ्या मूलद्रव्यांत क्लोरीनला जास्त, फ्लोरीनपेक्षाही जास्त. परीक्षेत हे विचारतात.

अट्रॅक्शनचं तर मला फारच आवडतं. लॅटिनमध्ये त्राहेरे म्हणजे ओढणे, त्यावरून अट्रॅक्शन आणि त्यावरूनच ट्रॅक्टर. आता आपल्याकडे बघा, कृष् म्हणजे ओढणे, नांगरणे, त्यावरून आकर्षण आणि त्यावरूनच कृषी! दोन्ही भाषांनी प्रेमाला आणि शेताला एकाच धातूवर बसवलंय, आणि गुरुत्वाकर्षण त्यातलंच. बॉण्ड आणि आपला बंध हे तर लांबचे भाऊच, एकाच जुन्या मुळातून आलेले, त्यामुळे पाठ करायची गरजच नाही. केमिस्ट्रीत तो शब्द 1866 मध्ये इंग्लिश केमिस्ट फ्रँकलंडने आणला. आयनिक बंधात एक अणू इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो आणि दुसरा घेतो, कोव्हॅलंट म्हणजे सहसंयुज बंधात दोघं मिळून वापरतात, यावर वर्गात जे काही जोक होतात ते होऊ देत, लक्षात राहतं.

आता केमिस्ट्री. पेपरवाले सर्रास 'दोघांची केमिस्ट्री जुळली' लिहितात आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही, पण रसायन लिहू नका. कारण मराठीत 'हा माणूस म्हणजे एक अजब रसायन आहे' असं आपण म्हणतो, ते एकट्या माणसाबद्दल असतं, त्याच्या स्वभावातल्या भलत्या मिश्रणाबद्दल. इंग्लिशमधल्या केमिस्ट्रीला दोघं लागतात. 'त्या दोघांचं रसायन' म्हटलं की कानाला काहीतरी खटकतं ते म्हणूनच. आपल्याकडे यासाठी सूर जुळले, तारा जुळल्या, सूत जमलं असं आहेच, म्हणजे आपण वाद्याकडे नाहीतर चरख्याकडे गेलो, लॅबमध्ये गेलोच नाही. सूत जमलं म्हटलं की जरा लफड्याचा वास येतो हे मात्र खरं, त्यामुळे पडद्यावरच्या जोडीसाठी सूर जुळलेच बरं.

पण ताई, मुलीचा खरा घोळ या शब्दांच्या अर्थामध्ये होणार नाही, तो पुढे येणाऱ्या टू, विथ, फॉर असल्या चिमुकल्या शब्दांत होईल. ठाणे-वाशी लोकलमध्ये कॉलेजची पोरं बोलताना ऐका, 'ही प्रपोज्ड मी' हमखास कानावर पडतं. इंग्लिशमध्ये त्याचा अर्थ त्याने माझं नाव सुचवलं असा होतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणून सुचवतात तसं! प्रेमात ते 'प्रपोज्ड टू मी' हवं, आणि त्यांच्याकडे ती सरळ लग्नाची मागणी असते, आपण नुसतं 'तू मला आवडतेस' सांगितलं तरी प्रपोज मारला म्हणतो. सायन्समध्ये मात्र टू न लावता थेट, वॉटसन आणि क्रिकनी 1953 मध्ये डीएनएची रचना 'प्रपोज' केली म्हणजे मांडली. तसंच रिअ‍ॅक्टचं, सोडियम पाण्याशी 'रिअ‍ॅक्ट्स विथ', पण तिने त्याच्या मेसेजवर 'रिअ‍ॅक्टेड टू'. क्लोरीनची अ‍ॅफिनिटी 'फॉर' इलेक्ट्रॉन, माणसाची बहुतेक वेळा 'विथ'. आणि लग्न 'मॅरीड टू', विथ नाही, हे तर मोठमोठे लोकही चुकतात. शब्द वहीत उतरवताना एकटा लिहूच नये, टू-विथसकट अख्खं वाक्य लिहावं, एक लॅबमधलं आणि एक तलावपाळीवरचं, म्हणजे ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी फिरणाऱ्या जोडप्यांचं.

रिलेशनचंही सांगून ठेवतो. 'ते दोघं रिलेशनमध्ये आहेत' हे आपलं मराठी झालं, बोलायला हरकत नाही, पण इंग्लिश लिहिताना रिलेशनशिप. नुसतं रिलेशन म्हणजे नातेवाईक, नाहीतर अकरावीच्या गणितातला संबंध.

कपल म्हणजे फिजिक्समधलं बलयुग्म, दोन सारखीच बलं, समांतर पण एकमेकांच्या उलट आणि वेगवेगळ्या रेषेत, त्यामुळे वस्तू नुसती गरगर फिरते, पुढे काही सरकत नाही (मासुंद्याला संध्याकाळी चक्कर मारलीत तर उदाहरण दिसेल). एक्स दोन वेगळे आहेत, गणितातला एक्स हे अक्षर, अज्ञात राशीसाठी फ्रेंच गणिती देकार्तने 1637 च्या त्याच्या भूमितीच्या पुस्तकात वापरलेलं, आणि जुना बॉयफ्रेंड तो लॅटिन उपसर्ग, 'पूर्वीचा' या अर्थाचा, माजी आमदारातला माजी.

आणि मुलीने विचारलंय की कार्बन डेटिंगमधल्या डेटचा प्रेमातल्या डेटशी काय संबंध, तर तेही सांगतो. डेट हा शब्द लॅटिनच्या 'दिलेलं' वरून आलाय, रोमन लोक पत्रावर अमुक ठिकाणी अमुक दिवशी दिलं असं लिहायचे, त्यातून तारीख, तारखेतून भेटीची ठरवलेली वेळ आणि भेटीतून अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्रेमातली डेट. कार्बन डेटिंग म्हणजे कार्बनी वयमापन, जुन्या अवशेषांचं वय काढणं, ते तारीख या अर्थावरून, अमेरिकन केमिस्ट लिबीने 1940 च्या दशकात शोधलं आणि 1960 चं नोबेल मिळवलं, त्यात मोजतात त्या कार्बन-14 चा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे 5730 वर्षं. खजूर या अर्थाचा डेट मात्र वेगळाच, तो ग्रीकमधल्या 'हाताचं बोट' या अर्थाच्या शब्दावरून आलाय.