प्रश्न रंगभूमीचे : हायनर म्युलरच्या नाटकात एवढं रक्त कशासाठी?

प्रश्न : आमच्या हौशी गटात हायनर म्युलर या जर्मन नाटककाराच्या ‘गेर्मानिया टोड इन बर्लिन’चं इंग्रजी भाषांतर वाचायला घेतलं. स्टालिनग्राडच्या प्रवेशात सैनिक माणसाचं मांस खातात, नेपोलियन आणि सीझर बर्फातून चालत येतात, शेवटी जुने योद्धे एकमेकांची खांडोळी करतात. निम्मे जण वाचन सोडून उठले. इतिहास सांगायला एवढी हिंसा लागते का? आणि ही इतिहासाची मोडतोड नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : उठून गेलेल्यांना परत बोलवा आणि नाटकाआधी त्यांना एका भाषणाची हकिकत सांगा.

३० जानेवारी १९४३. हिटलरच्या सत्तेला दहा वर्षं पूर्ण झाली म्हणून त्याचा हवाईदलप्रमुख हेर्मान गोअरिंग रेडिओवर बोलत होता. तिकडे स्टालिनग्राडमध्ये जर्मनीची सहावी सेना वेढ्यात अडकून उपाशी मरत होती, गोठत होती. तिला हवाईमार्गे रसद पोचवण्याची हमी याच गोअरिंगने दिली होती आणि ती रसद पुरेशी पोचली नव्हती. त्या सैनिकांना त्याने कशाची उपमा द्यावी? निबेलुंगांची, म्हणजे ‘निबेलुंगनलीड’ या जर्मन महाकाव्यातल्या योद्ध्यांची. इसवी सन १२००च्या सुमाराच्या या काव्यात एट्झेल राजाच्या जळत्या दालनात अडकलेले वीर तहान भागवायला रक्त पितात आणि शेवटपर्यंत लढतात. तुम्हीही तसेच, असं त्याने त्यांना सांगितलं. माणसं अजून जिवंत होती आणि त्यांचं श्राद्ध उरकून झालं होतं! २ फेब्रुवारीला उरलेल्यांनी शरणागती पत्करली. सुमारे ९१ हजार जण कैदेत गेले, त्यांतले जेमतेम सहा हजार पुढे घरी परतले.

आता तो प्रवेश पुन्हा वाचा. तुम्ही म्हणता ते जुने योद्धे म्हणजे हे निबेलुंगच. निबेलुंग स्टालिनग्राडला कसे पोचले? म्युलरने नव्हे, गोअरिंगने त्यांना तिथे नेलं. म्युलर फक्त त्याचा शब्द खरा करून दाखवतो. रक्त पिणारे वीर हवेत ना, मग हे घ्या, खरोखर पिणारे आणि खाणारे. भाषणात जे भव्य वाटतं ते शरीरावर आलं की कसं दिसतं, हे त्याला दाखवायचं आहे. गुंथर, हागेन हे निबेलुंग आणि त्यांचे सोबती प्रेतांच्या राशीत उभे राहून लढत राहतात, कारण लढण्याखेरीज त्यांना काही येतच नाही. शेवटी त्यांचे तुकडे सरपटत एकत्र येतात आणि भंगार नि माणूस मिळून एक अजस्र प्राणी तयार होतो. मला हे अजूनही सलग वाचवत नाही. पण मोडतोड म्हणायची तर ती आधी भाषणात झाली होती, असंच मी म्हणेन.

दुसरं, हे नाटक कुठे बसून लिहिलं गेलं तेही महत्त्वाचं आहे. म्युलर पूर्व जर्मनीचा. आपण फॅसिझमविरोधी, म्हणजे इतिहासाच्या योग्य बाजूचे, जुनं पाप सगळं पश्चिमेकडे राहिलं, अशी त्या राज्याची अधिकृत भूमिका होती. म्युलरने पश्चिमेला सोडलं नाही. हिटलरच्या बंकरमधल्या प्रवेशात त्याचा प्रचारमंत्री गोबेल्स गरोदर आहे आणि त्याच्या पोटी व्यंग असलेला लांडगा जन्मतो, म्हणजे पुढचा पश्चिम जर्मनी. पण त्याने स्वतःच्या राज्यालाही सोडलं नाही. १९१८ चं, क्रांतीच्या दिवसांतलं बर्लिन आणि १९४९ चं, पूर्व जर्मनी स्थापन होतानाचं बर्लिन तो शेजारी शेजारी ठेवतो. रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलेलं, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना शिव्या देणाऱ्या दोन जर्मन भावांचं भांडण तो उचलतो आणि त्याच्या जोडीला १७ जून १९५३ चा तुरुंग आणतो. त्या दिवशी पूर्व जर्मनीतले कामगार रस्त्यावर उतरले होते आणि सोव्हिएत रणगाड्यांनी उठाव मोडला होता. या तुरुंगात कम्युनिस्ट आणि त्याचा नाझी भाऊ एकाच कोठडीत आहेत. कामगारांच्या राज्यात कम्युनिस्ट गजाआड का, हा प्रश्न तिथे उघड विचारायची सोय नव्हती. नाटकाचा पहिला प्रयोग झाला तो म्युनिकला, १९७८ मध्ये, म्हणजे बर्लिनच्या भिंतीपलीकडे, पश्चिम जर्मनीत.

त्याचं हे धाडस पुस्तकी नव्हतं. १९३३ मध्ये त्याच्या समाजवादी वडिलांना पहाटे घरातून धरून नेलं, तेव्हा चार वर्षांच्या हायनरने झोपेचं सोंग घेतलं, असं त्याने स्वतः लिहिलं आहे. १९६१ मध्ये, भिंत उभी राहिल्यावर काही आठवड्यांतच, ‘डी उमझीडलेरिन’ या त्याच्या नाटकावर पहिल्या प्रयोगानंतर बंदी आली, लेखकसंघातून त्याला काढलं आणि दिग्दर्शक ट्रागेलेनला कोळशाच्या खाणीत कामाला धाडलं.

प्रयोग करणारच असाल तर एक विनंती. लाल रंगाची बाटली आणू नका. या रंगसूचना हुबेहूब करून दाखवता येत नाहीत. त्या एका नटाने शांतपणे, स्पष्ट उच्चारात वाचाव्यात आणि बाकीच्यांनी उभं राहून ऐकावं. खोटं रक्त दिसलं की प्रेक्षक सुटतो. नुसते शब्द ऐकताना तो सुटत नाही.

प्रश्न : म्युलर ‘हॅम्लेट’ बसवत असतानाच बर्लिनची भिंत पडली, हे खरं का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : खरं आहे. पूर्व बर्लिनच्या डॉइचेस थिएटरमध्ये १९८९ च्या उत्तरार्धात तालमी चालू होत्या. शेक्सपिअरच्या नाटकात त्याने स्वतःचं ‘हॅम्लेटमाशीन’ (१९७७) गुंफलं होतं. हॅम्लेट होता उलरिश म्यूहे. ४ नोव्हेंबरला आलेक्झांडरप्लाट्झच्या विराट सभेत हे दोघेही बोलले. म्युलरने तिथे स्वतंत्र कामगार संघटनांचं आवाहन वाचून दाखवलं आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली. पाच दिवसांनी भिंत उघडली. मार्च १९९० मध्ये प्रयोग रंगमंचावर आला तेव्हा तो सात तासांहून लांब होता. बर्फात सुरू होऊन वाळवंटात संपणारा. देश मात्र तोवर निवडणूक उरकून पश्चिमेत विलीन व्हायला निघाला होता.

प्रश्न : सुरुवात कोणत्या नाटकापासून करू?
— एक वाचक, पणजी

उत्तर : ‘हॅम्लेटमाशीन’पासून नको. ते जेमतेम नऊ पानांचं आहे आणि आधीचं काही वाचलेलं नसेल तर हाती लागत नाही. ‘डेर लोनड्र्युकर’ घ्या. भट्टी न विझवता दुरुस्त करणारा एक कामगार, आणि त्याच्यामुळे आपले मेहनतान्याचे दर पडणार म्हणून चिडलेले त्याचे सोबती. गोष्ट सरळ आहे. त्यानंतर ‘डेर आउफ्ट्राग’ वाचा. त्यात जमैकात गुलामांचा उठाव घडवायला गेलेले फ्रेंच राज्यक्रांतीचे तीन दूत आहेत आणि ज्यांनी पाठवलं ते फ्रान्समधलं सरकारच मध्येच बदललेलं आहे. दोन्हींची इंग्रजी भाषांतरं मिळतात.